मिरचीचे उंदीर आणि प्रमिलाताईंचा राग

प्रमिलाताई गायकवाड गेल्या त्या दुपारी आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर निरोप आला. 'आपल्या सर्वांच्या लाडक्या, शांत, सोशिक आणि सदा हसतमुख प्रमिलाताई आज आपल्यातून निघून गेल्या.' खाली जोडलेल्या हातांची लांबच लांब रांग. मी तो साताऱ्याला, आजारी आईच्या उशाशी बसून वाचला आणि परत पहिल्यापासून वाचला. लाडक्या त्या कधी झाल्या, हे मला कुणी सांगावं. आणि शांत? सोशिक? हसतमुख? यातला एकही शब्द त्यांनी आयुष्यात स्वतःला लावून घेतला नसता. त्या रागीट होत्या. त्यांचा राग हीच त्यांची सगळ्यांत निरोगी गोष्ट होती. माणूस गेल्यावर त्याचा राग गुपचूप काढून घ्यायचा आणि वर फुलं ठेवायची, याला मी चोरी म्हणते. म्हणून हे लिहिते आहे.

ब्रिस्टलला हॉरफील्डमध्ये मी घर घेतलं, तेव्हा भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. मूळच्या परभणीच्या. इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्यांनी सगळी नोकरी जंतू ओळखण्यात घालवली आणि तिथूनच निवृत्त झाल्या. यजमान, वामनराव, मी येण्याआधीच वारलेले. मुलगी सुजाता नोकरीसाठी न्यूझीलंडला गेली आणि जाताना आपला साप आईकडे ठेवून गेली. कॉर्न स्नेक, बिनविषारी, लालभडक. त्याचं नाव मिरची.

"तुम्हाला साप आवडतात का हो, ताई?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"अजिबात नाही," त्या म्हणाल्या. "मला कुत्रीसुद्धा आवडत नाहीत. पण जीव घरात आहे ना? मग त्याचं करायचं. आवडीचा काय संबंध?"

त्यांच्याशी पहिली ओळख सुखाची होणं कठीणच होतं. कुणाच्याही घरी गेल्या की त्यांची नजर आधी सिंककडे जाई. भांडी घासायच्या स्पंजला वास येत असेल तर तसं सांगून त्या चहा नाकारत. माझ्याकडेही नाकारला. मी रागावले, स्पंज फेकला, आणि दुसऱ्या दिवशी त्या न बोलावता येऊन चहा पिऊन गेल्या. नखं बारीक कापलेली, हातात अंगठी नाही, बांगडी नाही. दिवाणखान्यात एक लहानशी बुद्धमूर्ती आणि शेजारी निळ्या कोटातला तो फोटो. त्या दोन्हींवर कधी धूळ दिसली नाही. पण घर चकचकीत नव्हतं. पुस्तकांचे ढीग पडलेले असत, खिडक्या मळलेल्या असत. त्याबद्दल मी एकदा काही बोलले तर म्हणाल्या, "डोळ्याला दिसते ती नुसती धूळ गं. तिनं कुणी मरत नाही."

राग आला की त्यांचा आवाज चढत नसे, उतरे. शब्द सावकाश येत. आणि एरवीची पुस्तकी मराठी जाऊन परभणी बाहेर येई. "काय करायलीस तू?" असं त्यांनी हळू आवाजात विचारलं, की समोरच्यानं हातातलं काम थांबवावं.

मला ते पहिल्यांदा ऐकायला मिळालं ते त्यांच्या बागेतल्या शेडमध्ये. तिथं एक छोटा फ्रीझर होता, कुलूप लावलेला. त्यात मिरचीचं खाणं, म्हणजे दुकानातून आणलेले गोठवलेले उंदीर. मी सहज कुतूहलानं आत गेले आणि फ्रीझरवर हातातला मग ठेवला.

"काय करायलीस तू?"

मग मला त्या शेडचं शास्त्र समजलं. उंदीर पिशवीबंद येतात आणि तसेच राहतात, घरातल्या फ्रीझरमध्ये कधीच नाही. हवा तेवढा एकच काढायचा, झाकणाच्या डब्यात घालायचा आणि तिथंच, शेडमध्ये, आपला आपण वितळू द्यायचा. मायक्रोवेव्ह नाही, किटलीतलं पाणी नाही. घाई असेल तर सापाला उपाशी ठेवायचं. त्याला सवय असते, आपल्या आतड्यांना नसते. चिमट्यानं दाबून आत बर्फ राहिला नाही ना बघायचं. चिमट्यानंच द्यायचा. सापानं नाही खाल्ला तर परत गोठवायचा नाही, दोन पिशव्यांत गुंडाळून बिनमध्ये. मग डबा आणि चिमटा शेडमधल्या वेगळ्या बादलीत जंतुनाशकानं धुवायचे आणि ते पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतायचं नाही. शेवटी मागच्या दारापाशी जे टॉयलेट होतं, तिथल्या बेसिनमध्ये हात, साबणानं, वाहत्या पाण्याखाली, मनगटापर्यंत.

"जेल लावलं तर?" मी विचारलं. माझ्या पर्समध्ये बाटली होती.

"जेल बसमध्ये लाव. इथं साबण." मग जरा थांबून म्हणाल्या, "लोकांना वाटतं, थंडीनं जंतू मरतो. मरत नाही. झोपतो. तुझ्या कपाखाली पण झोपला असेल एखादा."

तो मग मी फेकून दिला. त्यांनी धुऊन परत आणून दिला आणि वाया घालवल्याबद्दल वेगळं बोलल्या.

एकदा त्यांच्याबरोबर शहराबाहेरच्या एका मोठ्या पेट शॉपमध्ये गेले होते. काउंटरवरचा पोरगा एका गृहस्थाला उंदरांचं पाकीट देताना हसत सांगत होता, की मायक्रोवेव्हमध्ये थोडा वेळ फिरवा, झालं. गृहस्थांच्या कडेवर मूल होतं. प्रमिलाताई रांग सोडून पुढे गेल्या आणि इंग्रजीत, अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, की हे चुकीचं आहे, आणि या पाकिटाबरोबर जंतूही विकत घेतोय असंच समजा. मॅनेजर आला. म्हणाला, मॅडम, आम्ही वर्षानुवर्षं विकतोय, कधी तक्रार नाही.

"Because they go to the hospital, not to you," ताई म्हणाल्या. "मी तिथं होते. त्यांचे नमुने मी बघत होते." हे दुसरं वाक्य त्या मराठीत बोलल्या, माझ्याकडे न बघता.

नंतर त्या काउंटरच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि उंदीर घेणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगू लागल्या. सिक्युरिटीवाल्यानं त्यांना दारापर्यंत सोडलं. मला लाज वाटत होती, त्यांना नव्हती. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "त्या बाळाच्या बापानं ऐकलं. बास झालं." पण सीटबेल्ट त्यांनी खाडकन लावला, तो रागानं.

आता मंडळाबद्दल.

आमचं मंडळ म्हणजे ब्रिस्टल आणि आसपासची मराठी कुटुंबं. गणपती, दिवाळी, संक्रांत. शाळेचा हॉल भाड्यानं घ्यायचा आणि प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा. कारभार नीलिमावहिनींकडे. गोड बोलणाऱ्या, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवणाऱ्या. प्रमिलाताई धपाटे आणत, सोबत लसणाची चटणी. असे धपाटे मी दुसरीकडे खाल्लेले नाहीत.

एका दिवाळीला आम्ही दोघी हॉलमध्ये शिरलो. नीलिमावहिनींनी ताईंच्या हातातला डबा अगदी प्रेमानं घेतला आणि मोठ्या टेबलावर न ठेवता कोपऱ्यात, कागदी प्लेट्सच्या खोक्याशेजारी ठेवला. ताईंनी ते पाहिलं.

"तिथं का?"

"अहो, गैरसमज नका करून घेऊ, प्रमिलाताई. तुमच्याकडे ते उंदीर असतात ना फ्रीझरमध्ये. मला काही नाही हो, पण लोकांना किळस वाटते."

"फ्रीझर शेडमध्ये आहे. त्याला कुलूप आहे. माझ्या स्वयंपाकघरात उंदीर कधी आलेला नाही. तुमच्या सिंकखाली मागच्या वर्षी आला होता, तुम्हीच सांगत होता."

नीलिमावहिनी हसल्या. "तसं नाही हो. शेवटी लोकांच्या मनाचा प्रश्न असतो."

"लोकांच्या मनाचा मला अंदाज आहे," ताई म्हणाल्या. आवाज उतरला होता. "मिरची माझ्याकडे यायच्या आधी कुठं ठेवायलतात माझा डबा? तेव्हा पण कोपऱ्यातच ठेवायलतात ना?"

आजूबाजूला सगळे एकाएकी पणत्यांबद्दल बोलू लागले. मला माहीत होतं, त्या खरं बोलत होत्या. माझ्या आडनावामुळे मंडळातले लोक माझ्यासमोर मोकळेपणी बोलत. 'त्यांच्या हातचं' हा शब्द मी ब्रिस्टलमध्ये, इंग्लंडात जन्मलेल्या पोरांच्या आयांच्या तोंडून ऐकला आहे. त्या दिवशी ताईंनी डबा उचलून मोठ्या टेबलाच्या मधोमध आणून ठेवला, झाकण उघडलं आणि तिथंच उभं राहून स्वतः दोन धपाटे खाल्ले. मी खाल्ले. डॉक्टर मेधानं एक खाल्ला. बाकीचे तसेच परत आले.

ही मेधा आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राही. हॉस्पिटलात भूल द्यायचं काम करणारी, सतत दमलेली, मनानं वाईट नाही. नवरा शिरीष आयटीमध्ये. थोरली मुलगी ईरा शाळेत, धाकटी तन्वी नुकती चालायला लागलेली. ईरा मिरचीला बघायला यायची आणि शेवटी वाढदिवसाला हट्ट करून तिनंही साप मिळवला. तो आला हे कळताच ताई त्यांच्या घरी गेल्या. मी बरोबर होते. त्यांनी सगळं सांगितलं, शेडमध्ये मला सांगितलं होतं तसंच. आणि वर हेही, की तन्वी लहान आहे, तिला सापाच्या आणि उंदराच्या जवळपास फिरकू द्यायचं नाही.

"हो ताई, माहिती आहे. मी डॉक्टर आहे," मेधा म्हणाली.

शिरीष हसून म्हणाला, "आजी, किती टेन्शन घेता. दुकानात तर म्हणाले, गरम पाण्यात टाका, झालं."

"कुठल्या पाण्यात? कुठल्या भांड्यात? कुठल्या सिंकमध्ये?" ताईंनी विचारलं. त्यानं विषय बदलला.

मेधाच्या घरी उंदीर स्वयंपाकघरातल्याच फ्रीझरमध्ये, मटारच्या पाकिटाखाली राहत होते आणि स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये, भाजी धुवायच्या रोळीत गरम पाण्याखाली वितळत होते. हे नंतर कळलं. काही आठवड्यांनी तन्वीला ताप आला, रक्ताचे जुलाब सुरू झाले, आणि हॉस्पिटलात नेलं तोवर जंतू रक्तात पोचला होता. साल्मोनेला. तपासणीच्या लोकांनी फोन करून मेधाला विचारलं, घरात साप, सरडा, कासव आहे का. तिनं खरं ते सांगितलं. तिनं त्यांना सांगितलं, आम्हाला नाही.

कारण तिकडे ग्रुपवर वेगळंच चाललं होतं. नीलिमावहिनींनी काळजीनं शिरीषला फोन केला होता आणि तो म्हणाला होता, "त्या गायकवाडबाईंच्या नादानं हे साप-उंदीर घरात आलं." संध्याकाळपर्यंत याचं झालं, उंदीर गायकवाडांच्या घरून आले. दुसऱ्या दिवशी झालं, त्या घरात मुळात स्वच्छताच नाही. कुणीतरी लिहिलं, 'शेवटी संस्कार असतात.' मी ते वाक्य अजून जपून ठेवलं आहे आणि लिहिणाऱ्याचं नावही. तो इथं एका शाळेत मुलांना शिकवतो.

पोरगी जगते की जाते याचा पत्ता नव्हता आणि या माणसांना संस्कार सुचत होते.

कुणीतरी कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडेही तक्रार केली. एक तरुण अधिकारी ताईंच्या दारात आला. मी कुंपणापलीकडून बघत होते. ज्या बाईनं जन्मभर हेच जंतू काचेच्या बश्यांमध्ये वाढवून ओळखले, तिला तो विचारत होता, की तुम्ही हात धुता का. त्यांनी त्याला शेड दाखवली. त्यानं फ्रीझरचं झाकण उघडून बघितलं आणि लगेच खिशातून फोन काढायला लागला.

"Hands first," ताई म्हणाल्या. "Then phone."

तो मुकाट्यानं बेसिनकडे गेला. नंतर काही निष्पन्न झालं नाही, काही होणारही नव्हतं. पण तो गेल्यावर ताई पायरीवर बसून राहिल्या. मी गेले तर म्हणाल्या, "आई सांगायची, आपल्या घरात कोणी आलं की आधी कोपरे बघतात. म्हणून कोपरे चकाचक ठेव. मी म्हणायचे, मी अशी शिकेन की माझे कोपरे कोणी बघणार नाही." लहानपणाबद्दल माझ्याजवळ त्या एवढंच बोलल्या.

मी ग्रुपवर लिहिलं. उंदीर दुकानातून आले होते, प्रमिलाताईंनी आधीच बजावलं होतं, मी तिथं हजर होते, असं सगळं. ते काढून टाकण्यात आलं. नीलिमावहिनींचा मला स्वतंत्र निरोप आला: ग्रुपवर सणांच्या पोस्ट असाव्यात, वाद नकोत. मी भडकून ताईंना फोन दाखवला. त्या माझ्यावरच रागावल्या.

"तू कशाला लिहायलीस? ज्याचं सिंक, त्यानं लिहायचं."

आणि मग मला घेऊन त्या मेधाच्या घरी गेल्या. हातात बादली, जंतुनाशक, नवी फडकी. शिरीष तन्वीजवळ हॉस्पिटलात होता. मेधा कपडे बदलायला घरी आलेली, डोळे सुजलेले. दार उघडून तिनं आम्हाला बघितलं आणि मान खाली घातली.

"ताई, मी…"

"मी तुझ्यावर रागावले आहे," प्रमिलाताई म्हणाल्या. "पण ते नंतर. पोरगी घरी यायच्या आधी हे स्वयंपाकघर व्हायला पाहिजे. हातमोजे घाल."

मी एवढ्या रागानं कुणाला साफसफाई करताना पाहिलेलं नाही. फ्रीझर रिकामा केला. रोळी, भाजी चिरायची लाकडी फळी, स्पंज सगळं बिनमध्ये. सिंक, नळ, फ्रीजची मूठ, बाळाच्या खुर्चीचा कोपरा न् कोपरा. मेधा मध्येच रडायला लागली, तेव्हा ताईंनी तिला जवळ घेतलं नाही. "ओट्याची कड राहिली," एवढंच म्हणाल्या. काम संपल्यावर तिला हात धुवायला लावले, स्वतः धुतले, आणि मग तिच्यासमोर बसल्या.

"उंदीर माझ्या घरचे नव्हते."

"नाही, ताई."

"मी तुला सांगितलं होतं."

"हो."

"मग तसं ग्रुपवर लिही. दोन ओळी. तन्वी बरी झाली की लिही, आज नको."

"लिहिते, ताई. नक्की," मेधा म्हणाली.

तन्वी बरी झाली. फार हाल झाले पोरीचे, पण धडधाकट घरी आली. ग्रुपवर मेधानं देवाचे, डॉक्टरांचे आणि सर्वांच्या प्रार्थनांचे आभार मानले. उंदरांबद्दल अक्षर नाही. मी तिला गाठून विचारलं तर म्हणाली, "शिरीष म्हणतो, आता कशाला तो विषय. लोक विसरलेत."

लोक विसरले नव्हते. लोकांनी ते खरं धरलं होतं, एवढंच. प्रमिलाताई परत मंडळात गेल्या नाहीत आणि त्या का येत नाहीत असं कुणी विचारलं नाही.

शिरीषनं ईराचा साप कुठंतरी नेऊन सोडायचं ठरवलं होतं. ताईंना कळलं तशा त्या जाऊन तो घेऊन आल्या. ईराला म्हणाल्या, "साप तुझा आहे. रविवारी येऊन त्याचं करायचं. चुकवायचं नाही." मेधा दर रविवारी लेकीला गाडीनं सोडायची. ईरा आत पळायची आणि मेधा मात्र गाडीतच बसून राही, काच वर करून, फोनमध्ये डोकं घालून. ताई बाहेर येत, काचेवर टकटक करत.

"लिहिलंस?"

"नाही, ताई."

"बरं."

आणि परत आत जात. त्या कंटाळल्या नाहीत. मला वाटे, आता हे सोडून द्यावं, त्यांच्या तब्येतीला हा राग झेपत नाही. एकदा तसं बोललेही. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी त्यांना जेवण सोडा म्हणाले होते.

मी आईच्या आजारपणासाठी साताऱ्याला निघाले, त्याच्या आदल्या रविवारी मी त्यांना शेवटचं बघितलं. मी तिकडे असतानाच त्या गेल्या. त्या रविवारी ब्रिस्टलला पडतो तसा बारीक पाऊस होता. मी वरच्या खिडकीपाशी बॅग भरत होते. खाली मेधाची गाडी उभी. थोड्या वेळानं ताई बाहेर आल्या. अंगावर घरातलाच स्वेटर, डोक्यावर काही नाही, आणि हातात चहाचा भरलेला कप. काचेवर टकटक केली. मेधानं काच खाली घेतली.

"लिहिलंस?"

मेधानं नकारार्थी मान हलवली.

ताईंनी आपल्या हातच्या चहाचा तो कप खिडकीतून आत धरला. मेधा काहीतरी म्हणाली. बहुतेक नको, उशीर होतोय, आत्ताच घेतला, असं काहीतरी. ताईंनी हात मागे घेतला नाही. पाऊस केसांवर, स्वेटरवर, चहात पडत होता. शेवटी मेधानं कप घेतला आणि डॅशबोर्डवर ठेवायला गेली.

"पी," ताई म्हणाल्या. ते मला वरपर्यंत ऐकू आलं.

मेधानं कप तोंडाला लावला. एक घोट, मग दुसरा. कप रिकामा होईपर्यंत प्रमिलाताई पावसात तिथंच उभ्या होत्या, तिच्या तोंडाकडे बघत.